शिक्षा भोगून आलेल्याला बक्षिसाचे पैसे ठेवू द्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाला तरी मोठी लॉटरी लागते, हसरा फोटो छापून येतो आणि दोनच दिवसांत त्याचा जुना खटला कोणीतरी उकरून काढतं. मग वाद पेटतो. मी एका कथास्पर्धेचा परीक्षक असताना या वादात स्वतःच सापडलो (ती हकीकत पुढे येईल), आणि तेव्हापासून हेच प्रश्न मला फिरून फिरून विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढतो आहे.

एका वाक्यात सांगा, ठेवू द्यावेत की नाही?

ठेवू द्यावेत, पण ज्याचं त्याने नुकसान केलं त्याचं देणं आधी फेडून. खालची सगळी उत्तरं त्या 'पण'चा खुलासा आहेत.

'गुन्हेगारी भूतकाळ' म्हणजे काय? नुसता आरोप असला तरी तो धरायचा का?

नाही. आरोप, अटक, बातमीतलं नाव यातलं काहीच इथे मोजायचं नाही. न्यायालयाने दोषी ठरवलं असेल तरच पुढचं बोलणं. खटला चालू असताना बक्षीस लागलं आणि ते पैसे गुन्ह्यातूनच आले असा संशय असेल, तर न्यायालय रक्कम गोठवून ठेवू शकतं. पण गोठवणं वेगळं, काढून घेणं वेगळं.

कायदा आज काय म्हणतो?

बहुतेक देशांत साधी गोष्ट आहे. तिकीट किंवा प्रवेशिका कायदेशीर असेल, घेणारा पात्र असेल, तर बक्षीस ही त्याची मालमत्ता. त्याने पूर्वी काय केलं होतं हे लॉटरीवाला विचारत नाही, विचारायचं त्याला कारणही नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. इंग्लंडमध्ये मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची जमीन आणि चीजवस्तू सरकारजमा किंवा जमीनदाराच्या घशात जायची. माणूस फासावर जायचा आणि बायकामुलं रस्त्यावर यायची. वर राज्यकर्त्याला श्रीमंत माणसाला दोषी ठरवण्यात रस निर्माण व्हायचा, ते वेगळंच. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांना हा अनुभव ताजा होता, म्हणून देशद्रोहाच्या शिक्षेचा डाग वारसांवर जाणार नाही आणि गुन्हेगाराच्या हयातीपलीकडे जप्ती टिकणार नाही, असं त्यांनी घटनेतच घालून ठेवलं. इंग्लंडने ही सरसकट जप्ती १८७० च्या कायद्याने बंद केली. 'गुन्हेगाराचं बक्षीस काढून घ्या' ही मागणी पुढारलेली वाटते खरी, पण ती दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या रस्त्यावरून परत जायला सांगते.

पण एका बलात्काऱ्याला ७० लाख पौंड लागले होते ना? त्याचं काय झालं?

या वादाचं खरं मूळ त्या प्रकरणात आहे, म्हणून ते नीट सांगतो.

इंग्लंडमध्ये १९८९ साली होअर नावाच्या माणसाला बलात्काराच्या प्रयत्नासाठी जन्मठेप झाली. त्याच्या नावावर आधीचेही गंभीर लैंगिक गुन्हे होते. २००४ मध्ये सुटका जवळ आली असताना त्याला तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर सोडलं होतं. त्या रजेत त्याने लॉटरीचं तिकीट घेतलं आणि त्याच्या वाट्याला ७० लाख पौंड आले. देशभर संताप उसळला. तरी पैसे त्याचेच, कारण तिकीट विकत घेणं हा गुन्हा नव्हता.

जिच्यावर त्याने हल्ला केला होता ती बाई कागदोपत्री फक्त 'ए' या अक्षराने ओळखली जाते. तिने भरपाईचा दावा लावला. लोक विचारतात, इतकी वर्षं का थांबली? उत्तर सोपं आहे. तुरुंगात बसलेल्या कफल्लक माणसावर दावा लावून हाती काय लागणार होतं? वकिलाची फी अंगावर पडली असती आणि हुकूमनामा भिंतीला टांगून ठेवावा लागला असता. दावा लावण्याजोगी परिस्थितीच मुळी लॉटरीने निर्माण केली.

आडवी आली ती मुदत. इंग्लंडमधल्या १९९३ च्या एका निवाड्यानुसार, हलगर्जीपणाने झालेल्या इजेच्या दाव्याला न्यायालय मुदत वाढवून देऊ शकत होतं, पण मुद्दाम केलेल्या हल्ल्याच्या दाव्याला सहा वर्षांची पक्की मर्यादा होती, त्यात सवलत नाही. म्हणजे गाडी चालवताना चुकून धडक दिली तर उशीर माफ, जाणूनबुजून अंगावर हात टाकला तर नाही! खालच्या दोन्ही न्यायालयांनी हाच नियम दाखवून तिला परत पाठवलं. शेवटी ३० जानेवारी २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वांत वरचं न्यायालय) तो जुना निवाडा फिरवला आणि अशा दाव्यांतही उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे असं ठरवलं.

या निकालात लॉटरी जप्त झाली नाही. शिक्षेतही एका दिवसाची वाढ झाली नाही. झालं ते एवढंच, की देणेकरी पैसेवाला झाल्यावर घेणेकऱ्याला दार उघडं राहिलं. त्या रस्त्याने पुढे किती जणांना जाता आलं ते पाहा: लहानपणी अत्याचार झालेली, वर्षानुवर्षं गप्प राहिलेली अनेक माणसं याच निवाड्याच्या आधाराने न्यायालयात उभी राहिली. त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्यांना लॉटरी लागलेली नव्हती.

मग सरळ सगळी रक्कमच जप्त का करू नये? कोणाला त्याची कीव येणार आहे?

कीव नको. दोन माणसं घ्या. दोघांनी मिळून एकच दरोडा घातला, दोघांना सात-सात वर्षं झाली, दोघे एकाच दिवशी सुटले. एकाला महिन्याभरात बक्षीस लागलं, दुसऱ्याला नाही. आता पहिल्याकडून कोट्यवधी काढून घेतले तर त्याला शिक्षा कशाची? दरोड्याची शिक्षा दोघांनी सारखीच भोगली. उरली ती नशिबाची शिक्षा.

दुसरं म्हणजे, निकाल लागल्यावर शिक्षा वाढवायची नाही हे तत्त्व जगभरच्या घटनांमध्ये आहे. भारतीय राज्यघटनेचं कलम २०(१) तेच सांगतं: गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येणार नाही. बक्षीस लागल्यावर घाईघाईने कायदा करून ते काढून घेणं या तत्त्वाच्या थेट विरोधात जातं.

तिसरी बाब मला जास्त टोचते. जप्त झालेली रक्कम जाते कुठे? सरकारी तिजोरीत. पीडितेच्या पदरात दमडी पडत नाही, आणि आपण मात्र न्याय झाला म्हणून हात झटकतो.

पण शिक्षा भोगली म्हणजे हिशेब चुकता झाला ना? मग देणं कसलं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, सुटून आलेल्यांचीही. तुरुंगवास हा सरकारशी झालेला हिशेब. ज्याचा हात मोडला, जिची झोप उडाली, ज्या घरचा कमावता गेला, त्यांच्याशी झालेला हिशेब दिवाणी आहे, आणि तुरुंगात काढलेल्या वर्षांनी तो फिटत नाही. फौजदारी आणि दिवाणी अशा दोन वह्या आहेत. एकीत 'जमा' लिहिलं म्हणून दुसरी कोरी होत नाही.

बऱ्याच देशांनी या दुसऱ्या वहीची थोडीफार सोय केलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खुल्या तुरुंगातून बाहेर कामाला जाणाऱ्या कैद्याची आठवड्याची कमाई २० पौंडांच्या वर गेली, तर वरच्या रकमेतले ४० टक्क्यांपर्यंत पैसे पीडितांच्या मदतीसाठी कापता येतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कैद्यांच्या मजुरीबद्दल निकाल देताना दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या: कैद्याला रास्त मजुरी द्या, आणि तिचा काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याची कायदेशीर तजवीज करा. घाम गाळून मिळवलेल्या मजुरीतून वाटा कापता येतो, तर फुकट आलेल्या घबाडातून का नाही?

म्हणजे पीडिताने प्रत्येक वेळी वकील गाठून दावाच लावायचा का?

आज बहुतेक ठिकाणी तसंच आहे, आणि ते चूक आहे. आपलं वाटोळं करणाऱ्याला घबाड मिळालं हे तिला वर्तमानपत्रातून कळतं. मग कागदपत्रं, मुदत, साक्ष, उलटतपासणी. सगळं नव्याने. हुकूमनामा हाती आला तरी वसुलीची दरखास्त वेगळी.

न्यूयॉर्कने यावर शोधलेला उपाय मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. पण तिथे पोचायला त्यांना एक मोठी चूक करावी लागली. १९७७ मध्ये 'सन ऑफ सॅम' या नावाने ओळखल्या गेलेल्या खुन्याला पकडल्यावर, तो आपली कहाणी विकून श्रीमंत होईल या धास्तीने तिथे कायदा झाला: गुन्हेगाराने स्वतःच्या गुन्ह्याबद्दल लिहून किंवा बोलून मिळवलेले पैसे पीडितांसाठी राखून ठेवायचे. गंमत अशी, की ज्याच्यामुळे हा कायदा आला त्याला तो कधी लागूच झाला नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण त्याचा रोख पैशावर नव्हता, बोलण्यावर होता. न्यायालयाने दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं: संत ऑगस्टीनने आत्मकथनात शेजारच्या मळ्यातली नासपती चोरल्याचं कबूल केलं आहे, या कायद्याच्या शब्दांत तोही सापडला असता.

मग २००१ मध्ये न्यूयॉर्कने कायदा वेगळ्या रीतीने बेतला. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कुठूनही १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम मिळाली, की पीडितांना तसं कळवायचं आणि रक्कम उघडकीस आल्यापासून तीन वर्षांत त्यांना दावा लावता येईल, मूळ मुदत उलटून गेली असली तरी. पैसे वारसाहक्काने आले, लॉटरीतून आले की खटला जिंकून, याने फरक पडत नाही. कष्टाच्या कमाईला त्यात सवलत आहे. यात आपोआप जप्ती नाही. आधी खबर, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, मग वाटा.

पॅरोलवर किंवा परिवीक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे अटी घालून बाहेर) असताना तिकीट घेतलं तर?

२००७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं हेच झालं. बँक लुटल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस परिवीक्षेवर होता आणि जुगार खेळायचा नाही, लॉटरीचं तिकीटसुद्धा घ्यायचं नाही, अशी त्याला अट होती. त्याने खरवडायचं तिकीट घेतलं आणि १० लाख डॉलर लागले, वर्षाला ५० हजार याप्रमाणे २० वर्षं मिळणारे. फोटो पाहूनच त्याची ओळख पटली.

अट मोडली हे उघड आहे आणि त्याचे परिणाम त्याने भोगायला हवेत: अटी कडक होतील, वेळ पडली तर परत आत जावं लागेल. पण अट मोडली म्हणून तिकीट खोटं ठरत नाही. रजेवर असलेल्या कैद्याला लॉटरीत भाग घेताच येणार नाही असं हवं असेल तर ते लॉटरीच्याच नियमात आधी लिहा, म्हणजे तिकीट विकतानाच सगळ्यांना ठाऊक राहील. सोडत झाल्यावर नियम शोधायला बसू नका.

चोरलेल्या पैशाने तिकीट घेतलं आणि ते लागलं तर?

ते ठेवता येत नाही. इथे भूतकाळाचा प्रश्नच उरत नाही, बक्षीसच गुन्ह्याच्या पोटातून आलेलं असतं. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये दोघांनी दुसऱ्याच्या बँक कार्डाचा वापर करून खरवडायची तिकिटं घेतली, एकावर ४० लाख पौंड लागले. लॉटरी कंपनीने पैसे अडवले आणि २०२१ मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला.

पण फेब्रुवारी २०२५ मधली फ्रान्सच्या तुलूझ शहरातली गोष्ट पाहा. एकाच्या गाडीतून पाठपिशवी चोरीला गेली, कार्ड त्यातच. चोरांनी त्या कार्डावर तिकिटं घेतली आणि त्यातल्या एकावर ५ लाख युरो निघाले. ज्याचं कार्ड होतं त्या माणसाने चक्क जाहीर निरोप दिला: या, आपण वाटून घेऊ. त्याचं म्हणणं, माझ्या कार्डाशिवाय तिकीट नव्हतं आणि तुमच्याशिवायही नव्हतं. कायद्याच्या विद्यार्थ्याला यावर आठवडाभर वाद घालता येईल. मला त्यात दिसतं ते असं, की ज्याचं नुकसान झालं त्याला बोलू दिलं तर तो दर वेळी सूडच मागेल असं नाही.

लॉटरीतून काळ्याचा पांढरा करतात म्हणे, ते कसं?

सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं. लागलेलं तिकीट ज्याच्याकडे आहे त्याला गाठायचं, त्याला रोख आणि वर थोडे जास्त द्यायचे, तिकीट आपल्या नावावर दाखवायचं. आता हातातल्या काळ्या रोकडीच्या जागी लॉटरीचा शिक्का असलेला चेक आला. बॉस्टनचा कुख्यात टोळीप्रमुख व्हायटी बल्जर याने १९९१ मध्ये १ कोटी ४३ लाख डॉलरच्या तिकिटात आपला वाटा असल्याचा दावा केला होता. ते तिकीट विकलं गेलं होतं त्याच्याच ताब्यातल्या दुकानातून. तो १९९५ मध्ये फरार झाल्यावर त्याचे पुढचे हप्ते सरकारने अडवले.

अशा वेळी जप्ती योग्यच, पण कारण लक्षात घ्या. पैशाचं मूळ काळं होतं म्हणून ती योग्य आहे. माणूस काळा आहे, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. जिंकणंच लबाडीचं असेल तिथेही हाच हिशेब. २००१ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत स्टुडिओतल्या साथीदाराच्या खोकल्याच्या खुणांवर १० लाख पौंड जिंकणाऱ्या मेजरला ते कधीच मिळाले नाहीत.

लॉटरी ठीक आहे, पण साहित्य-कलेचा पुरस्कार? तो तर मान आहे.

हा सगळ्यात अवघड प्रश्न. आता माझी हकीकत.

आमच्या कथास्पर्धेत प्रवेशिकांना फक्त क्रमांक असायचे, नावं बंद पाकिटात. आम्ही तिघा परीक्षकांनी न भांडता एका कथेला पहिलं ठरवलं, जे आमच्या बाबतीत जवळपास अशक्य होतं. पाकीट फोडलं, खजिनदाराने चेकवर नाव घातलं, संयोजकांनी फोन लावला. पलीकडून आधी शांतता. मग तो म्हणाला, "मी नऊ वर्षं आत होतो. हे आधी सांगायला हवं होतं का?"

चेक टेबलावर पेपरवेटखाली पडलेला आणि आम्ही त्याच्याभोवती दोन तास. एक सहकारी म्हणाल्या, प्रशस्तिपत्र देऊ, पैसे नको. दुसरे म्हणाले, पैसे देऊ, पण कार्यक्रमाला नको. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हेही कोणीतरी म्हणालंच. शेवटी मी प्रवेश अर्ज मागवला. त्यात विचारलं होतं: नाव, वय, पत्ता, कथा पूर्वी प्रसिद्ध झाली आहे का. बस. आम्ही जे विचारलंच नव्हतं ते न सांगितल्याबद्दल त्याला कसं धरणार? चेक गेला.

जगात हा वाद जुनाच आहे. एझ्रा पाउंड या अमेरिकी कवीवर देशद्रोहाचा आरोप होता, खटल्याला उभं राहण्याइतकं मनाचं स्वास्थ्य नाही म्हणून त्याला मनोरुग्णालयात ठेवलं होतं आणि तिथे असतानाच १९४९ मध्ये त्याला कवितेचा बोलिंगेन पुरस्कार मिळाला. रक्कम होती हजार डॉलर, आरडाओरडा मात्र लाखाचा. शेवटी तो देणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला) पुरस्कार देणंच बंद करावं लागलं आणि तो येल विद्यापीठाकडे गेला. फ्रान्समधला ज्याँ जने हा लेखक, आणि अट्टल चोरही. जन्मठेपेच्या उंबरठ्यावर असताना सार्त्र, कोक्तो वगैरे लेखकांनी राष्ट्राध्यक्षांकडे रदबदली केली, माफी मिळाली, आणि १९८३ मध्ये त्याच देशाने त्याला साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲन पेरी यांना पंधराव्या वर्षी, १९५४ मध्ये, न्यूझीलंडमध्ये मैत्रिणीच्या आईच्या खुनात दोषी ठरवलं होतं. हे १९९४ मध्ये उघड झालं, त्यानंतरही त्यांना अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. पंधरा वर्षांच्या मुलीच्या कृत्यासाठी साठीतल्या बाईचा पुरस्कार अडवावा, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मात्र जीवनगौरव वेगळा. तिथे कृतीला नव्हे, माणसाच्या उभ्या आयुष्याला दाद दिलेली असते, मग आयुष्यातला एक तुकडा बाजूला ठेवून कसं चालेल? तिथे निवड समितीने भूतकाळ बघावा, आणि बघितला असं उघड सांगावं.

खेळातल्या बक्षिसाचं?

खेळात लोक फारसे अडत नाहीत. माइक टायसनला १९९२ मध्ये बलात्कारासाठी शिक्षा झाली, १९९५ मध्ये तो सुटला आणि पुढच्याच वर्षी एका लढतीचे ३ कोटी डॉलर त्याने घेतले. लॉटरीवाल्यावर चिडणारेच तिकीट काढून ती लढत बघायला बसले होते. कष्टाने जिंकलं तर चालतं, नशिबाने जिंकलं तर नाही, असा हा न्याय दिसतो. देण्याच्या बाबतीत मात्र दोघांनाही एकच नियम हवा.

गुन्हाच मुळात अन्यायी कायद्याखाली ठरला असेल तर?

मग सगळं चित्र उलटं होतं. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते, १९९३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या इराणच्या तुरुंगात होत्या, पुरस्कार त्यांच्या मुलांनी स्वीकारला. जर्मनीच्या छुप्या लष्करी तयारीला वाचा फोडणाऱ्या कार्ल फॉन ओसिएत्स्की या पत्रकाराला १९३१ मध्ये त्याबद्दल शिक्षा झाली होती, पुढे नाझींनी त्याला छळछावणीत टाकलं. त्याला १९३५ चं नोबेल मिळालं, पण बक्षिसाची रक्कम त्याच्या वकिलानेच हडप केली. 'शिक्षा झालेल्याला बक्षीस ठेवता येणार नाही' असा सरसकट नियम लिहा, आणि जगातल्या प्रत्येक हुकूमशहाच्या हाती आयती कात्री द्या.

विजेत्याचं नाव जाहीर करावं की गुप्त ठेवावं?

सामान्य विजेत्याला नाव झाकायचा हक्क असावा. फक्त ज्याच्यावर भरपाईचा हुकूम बाकी आहे किंवा ज्याच्या गुन्ह्याचा पीडित हयात आहे, त्याची खबर त्या पीडितापर्यंत गेली पाहिजे. चौकात दवंडी पिटायची गरज नाही, एक पत्र पुरे.

आमच्या कथाकारानेही एकच गोष्ट मागितली होती: फोटो छापू नका. आम्हाला वाटलं, लाज वाटते म्हणून. नंतर कळलं, ज्या माणसाला त्याने जखमी केलं होतं त्याचं घर जवळच होतं, आणि आपला हार घातलेला चेहरा त्याला सकाळी सकाळी दिसू नये एवढंच त्याचं म्हणणं.

मी स्पर्धा भरवतो. नियमावलीत काय लिहू?

जे विचारायचं ते अर्जातच विचारा, निकालानंतर नाही. तेही विषयाशी संबंध असेल तरच. लहान मुलांना शिकवायची संधी हे बक्षीस असेल, तर मुलांवरच्या गुन्ह्यांबद्दल विचारायलाच हवं. पाककृतीच्या स्पर्धेत वीस वर्षांपूर्वीच्या मारामारीची चौकशी कशाला? दोषसिद्धी विचारा, आरोप नको. खोटं उत्तर दिलं तर बक्षीस रद्द होईल हे ठळक लिहा. आणि 'संयोजकांचा निर्णय अंतिम राहील' या एका ओळीवर सगळा भार टाकू नका, भांडण खरंच पेटलं की ती ओळ पहिली फाटते.

माझाच भूतकाळ असा आहे आणि बक्षीस लागलंय. आता?

अभिनंदन. आधी परिवीक्षेच्या किंवा सुटकेच्या अटी काढून वाचा, मोडली असेल तर वकिलामार्फत स्वतःहून कळवा. मग कर. अमेरिकेत रिॲलिटी शोमध्ये २००० साली १० लाख डॉलर जिंकलेला माणूस निष्कलंक होता, त्या बक्षिसावरचा कर चुकवून २००६ मध्ये तो तुरुंगात गेला. म्हणजे बक्षिसानेच त्याला भूतकाळ दिला. त्यानंतर न्यायालयाने ठोठावलेला दंड, भरपाई, पोटगी यातलं काय थकलंय ते पाहा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मुलांची पोटगी थकली असेल तर लॉटरीची रक्कम हातात पडण्याआधीच कापली जाते.

आणि ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडे परस्पर पैसे घेऊन जाऊ नका. तुमचा हेतू चांगला असेल, पण दारात तुम्ही उभे दिसलात तर त्या माणसाच्या पोटात गोळा येईल. वकिलामार्फत पत्र पाठवा, रक्कम लिहा, काही अट घालू नका. उत्तर आलं नाही तर ती रक्कम काही काळ बाजूला ठेवून द्या. उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक नाही.